गाव, नदी आणि दोन टक्के : कंपनीत सीएसआरचं काम नव्यानं हाती आलेल्यांसाठी

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित, यांपैकी कुठल्याही एमआयडीसीत एचआरला किंवा अ‍ॅडमिनला रुजू झालात की थोड्याच दिवसांत साहेबांचं एक वाक्य कानावर येतं : "ते सीएसआरचं आणि गावाचं पण आता तुम्हीच बघा." सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचं काम. सोबत एक फाईल मिळते. तिच्यात शाळेला बाकं दिल्याचे फोटो, आरोग्य शिबिराच्या बॅनरचं बिल आणि सरपंचांचं एक जुनं पत्र असतं. त्या पत्राला उत्तर गेलेलं नसतं. नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते नीट माहीत नसतं.

पुण्या-मुंबईच्या बड्या कंपन्यांत या कामाला वेगळा विभाग असतो. आपल्याकडं एकच माणूस हजेरीपत्रक, कॅन्टीनचा ठेकेदार, पीएफचं चलन आणि हे सगळं बघतो. त्यामुळं कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, याला फार महत्त्व आहे. बहुतेक कंपन्या पैसे वाटण्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, पैसे सर्वांत शेवटी. आधी माणसं, मग तक्रारी, मग आपल्याच आवारातली घाण.

पहिलं काम : कायदा आपल्याला लागू आहे का, ते बघा

हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते उरकून टाका. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ उघडा. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त, उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, यांतली एक जरी अट बसली तरी सीएसआर बंधनकारक. आपल्याकडच्या मध्यम फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप पहिल्या दोन अटींच्या जवळपासही नसतात, पण तिसरीत एखाद्या चांगल्या वर्षी अलगद सापडतात. म्हणून ताळेबंद झाला की दरवर्षी कंपनी सेक्रेटरीला विचारा, आणि कायद्यात काही बदल झालाय का तेही त्याच वेळी विचारा.

इथं एक गल्लत हमखास होते. आपल्या जिल्ह्यातले बरेचसे साखर कारखाने आणि गोकुळ दूध संघ या सहकारी संस्था आहेत, कंपन्या नाहीत, त्यामुळं त्यांना कलम १३५ लागू नाही. "अमक्या कारखान्यानं दवाखाना काढला, आपणही काढू" असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर हा फरक सांगा. पण शिकण्यासारखं त्यांच्याकडं भरपूर आहे. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी बघितली नसेल तर एकदा बघून या. व्यासपीठावरून विषय वाचायचा अवकाश, एका बाजूनं "मंजूर, मंजूर" आणि दुसऱ्या बाजूनं "नामंजूर" सुरू होतं. गोंधळ असतो खरा, पण ऊस घालणारा माणूस वर्षातून एकदा तरी चेअरमनला तोंडावर जाब विचारतो. आपल्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये गावाला अशी एकही जागा नसते. ती तयार करणं, हे तुमचं खरं काम.

कायदा लागू नसेल तरी पुढचं वाचा. लेखातला मोठा भाग दोन टक्क्यांबद्दल नाहीच.

दुसरं काम : माणसांची यादी

एक कोरी वही घ्या आणि कंपनीमुळं ज्यांचं काही बरंवाईट होतं त्या सगळ्यांची नावं लिहा. पदं नकोत, माणसांची नावं. "ग्रामपंचायत" असं लिहिलंत तर उपयोग नाही. सरपंच कोण, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) कोण, विरोधी गटाचा म्होरक्या कोण, तरुण मंडळाचा अध्यक्ष कोण, आशाताई कोण, शाळेचे मुख्याध्यापक कोण, हे सगळं हवं. सरपंच निवडणुकीत बदलतो, आशाताई सहसा बदलत नाहीत. आणि कुठल्या घरात कुणाला खोकला आहे हे त्यांना ठाऊक असतं.

नागाव, टोप, हालोंडी, कणेरी, तळंदगे, कसबा सांगाव अशा एमआयडीसीला लागून असलेल्या गावांत आणखी एक गोष्ट तपासा : कुणाची जमीन संपादनात गेली. त्या घरातला मुलगा आज तुमच्याच गेटवर ठेकेदाराकडं सिक्युरिटीला उभा असू शकतो. जमीन जाऊन कितीही वर्षं झाली तरी तो हिशेब त्या घरात मिटलेला नसतो, हे गृहीत धरूनच बोला.

यादीत कामगारांचे दोन भाग करा, कायम आणि ठेक्यावरचे. फाउंड्रीत मोल्डिंगला (वाळूचे साचे करणं) आणि फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करणं) उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं मोठ्या संख्येनं आहेत. ती गावात भाड्याच्या खोल्यांत राहतात, एका खोलीत बरेच जण. पाणी, संडास, रात्रपाळीवरून येताना कुत्र्यांचा आणि कधी माणसांचा त्रास, हे सगळं गाव आणि कंपनी यांच्या मधोमध पडतं आणि कुणाच्याच वहीत नसतं. फेटलिंगवाल्याच्या तोंडाला मास्क आहे की रुमाल, हे बघायला सल्लागार लागत नाही. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गावात आरोग्य शिबिर घेण्याआधी या मुलांच्या फुप्फुसांची तपासणी लावा. तो खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, कारण ते कंपनीचं कर्तव्यच आहे.

महिला कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीचा कागद काढून बघा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानं ती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. पुष्कळ ठिकाणी भिंतीवरच्या फलकावर कंपनी सोडून गेलेल्या बाईंचं नाव आणि बंद झालेला मोबाईल नंबर असतो. तो नंबर लावून बघा. हे काम आजच्या आज होण्यासारखं आहे.

मग येतात जॉबवर्कवाले. शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून बसलेला माणूस तुमचं काम करतो, आणि त्याचं पेमेंट तीन-तीन महिने अडकलेलं असतं. तुमची कंपनी त्याच वेळी एखाद्या वसतिगृहाला देणगी देत असते. कायदा इथं स्पष्ट आहे : नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. २०२४ पासून तर असं मुदतीनंतर थकलेलं देणं प्रत्यक्ष फेडेपर्यंत आयकरात खर्च म्हणूनही धरता येत नाही. अकाउंट्सकडून ४५ दिवसांपुढच्या थकबाकीची यादी मागा. ती द्यायला ते किती वेळ लावतात यावरूनच पुष्कळ कळेल. माझं मत विचाराल तर कोल्हापुरात कंपनीचं नाव चांगलं की वाईट हे उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर ठरतं.

यादीत शेवटी नदी लिहा, म्हणजे नदीकाठची खालच्या अंगाची माणसं. पंचगंगा प्रयाग चिखलीपासून निघून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहराचे नाले, इचलकरंजीचं कापड प्रोसेसिंगचं पाणी, कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी, सगळं तिच्यात. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडला की शिरोळ तालुक्यातली माणसं रस्त्यावर येतात आणि अधिकाऱ्यांना घेराव घालतात. तुमची कंपनी तिथून कितीतरी दूर असेल, तुमचा एक थेंबही नदीत जात नसेल. तरीही "आमचा काय संबंध" हे उत्तर कधी देऊ नका. आमचं पाणी कुठं जातं, किती जातं, कुठं मोजलं जातं, एवढं तीन ओळीत सांगता आलं पाहिजे.

तिसरं काम : तक्रार वही

मला विचाराल तर सगळ्या कामात हे एक जरी धड केलंत तरी पुष्कळ झालं.

गेटवर एक जाड वही ठेवा. रकाने असे : तारीख आणि वेळ, कोण आलं किंवा कुणाचा फोन, कुठली गल्ली वा मळा, तक्रार त्यांच्याच शब्दांत, त्या वेळी प्लँटमध्ये काय चालू होतं, आपण काय केलं, आणि कुठल्या तारखेला त्यांना उलट कळवलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तोच नेहमी कोरा राहतो.

समजा फेब्रुवारीतली सकाळ आहे. मळ्यातल्या एका बाईंचा फोन येतो : "सायेब, रातच्याला गच्चीवर घातलेलं पापड सकाळी काळं झाल्यात. कापडं बी तशीच." सिक्युरिटीवाला "बघतो, सांगतो" म्हणून फोन ठेवतो आणि विसरतो. इथूनच पुढं तिचा पुतण्या व्हिडिओ काढतो, तो गावच्या ग्रुपवर जातो, आणि चार दिवसांनी गेटवर पन्नास माणसं उभी राहतात.

वही असेल तर त्याच बाईंची नोंद अशी पडते : सकाळी ७.१०, अमुक मळा, पापडांवर आणि कपड्यांवर काळे कण. मग तुम्ही रात्रपाळीचं लॉगबुक काढता. तिसऱ्या पाळीत शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून ओतीव भाग साफ करणं) चालू होतं. मेंटेनन्सला विचारता, तर धूळ पकडणाऱ्या डस्ट कलेक्टरची एक पिशवी फाटलीय आणि स्टोअरमध्ये शिल्लक नाही. किंवा त्याहून वाईट, वीज वाचवायला रात्री ब्लोअरच बंद ठेवलाय. पिशवी मागवता, तोवर रात्रीचं ब्लास्टिंग बंद. आणि मग स्वतः मळ्यात जाता, दोन पापड हातात घेऊन बघता, काय झालं होतं आणि कधीपर्यंत नीट होईल ते सांगता. पापडाचे पैसे देऊ केलेत तर बहुधा ती घेणार नाही. पण कुणीतरी आलं होतं हे गावभर सांगेल.

दोन सूचना. एक, तक्रार घेणारा माणूस गावच्या भाषेत बोलणारा असावा. "आपली तक्रार नोंदवून घेण्यात आली आहे" असलं बोलणारा गेटवर नको. दोन, दर महिन्याला वहीची एक प्रत प्लँट हेडच्या टेबलावर जाऊ द्या, नुसत्या एचआरच्या कपाटात नको. फाटलेली पिशवी एचआर बदलत नाही.

ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती घेण्याची पद्धत आहे. बोलावणं नसलं तरी सरपंचांना विचारून मागं बसा, पहिल्या वेळी बोलू नका. कंपनीचा विषय निघालाच तर नाव आणि नंबर सांगा, आश्वासन देऊ नका. ग्रामसभेत दिलेलं आश्वासन पुढच्या प्रत्येक ग्रामसभेत निघतं.

चौथं काम : आपलं आवार

प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट (कारखाना चालवायचं संमतिपत्र) काढा आणि मागच्या पानांवरच्या अटी वाचा. वरची मुदतीची तारीख सगळे बघतात, अटी कुणी वाचत नाही. किती पाणी, चिमणीची उंची किती, झाडं किती टक्के जागेत, कचरा कुणाला द्यायचा, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. प्रत्येक अटीसमोर आपली आजची स्थिती पेन्सिलनं लिहा. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत जातं, या दोन तारखा भिंतीवर लावा.

फाउंड्री असेल तर वेस्ट सँडचा, म्हणजे साच्यातल्या वापरून झालेल्या वाळूचा, माग काढा. डंपर गेटबाहेर पडल्यावर कुठं जातो? "ठेकेदार बघतो" हे उत्तर चालणार नाही. रात्रीत एखाद्या ओढ्याच्या काठाला किंवा पड जमिनीत ओतलेल्या काळ्या वाळूचे ढीग आपण सगळ्यांनी पाहिलेत. ढिगावर कंपनीचं नाव नसतं, पण गावाला डंपर ओळखू येतो. ठेकेदाराकडून खेपेगणिक पोच घ्या आणि अधूनमधून एखाद्या खेपेच्या मागं स्वतः गाडी घाला. वाळू पुन्हा वापरण्याजोगी करून घेण्याची सोय असेल तर तिचा खर्च नव्या वाळूच्या दराशी ताडून बघा. वाहतूक आणि टाकायचा खर्च धरला की आकडे बरेचदा वेगळे दिसतात.

हे सगळं सीएसआरच्या आधी का? कारण कायदाच म्हणतो की जे करणं कुठल्याही दुसऱ्या कायद्यानं बंधनकारक आहे ते सीएसआरमध्ये धरायचं नाही. डस्ट कलेक्टर, सांडपाणी प्रक्रिया, कन्सेंटच्या अटीतली झाडं, यांतलं काहीच दोन टक्क्यांत बसत नाही. आणि गावाचंही म्हणणं तेच आहे, फक्त त्यांना कलम माहीत नाही. पापड काळे करणाऱ्या कंपनीनं शाळेला संगणक दिले तर लोक संगणक घेतात आणि बोलायचं ते बोलतातच.

पाचवं काम : आता पैसे

आकडेमोड सोपी आहे. मागच्या तीन वर्षांच्या निव्वळ नफ्याची सरासरी, तिचे दोन टक्के. नफा म्हणजे कलम १९८ प्रमाणे काढलेला, करापूर्वीचा. समजा तीन वर्षांचा नफा ४, ६ आणि ८ कोटी. सरासरी ६ कोटी, दोन टक्के म्हणजे १२ लाख. रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच ते काम करतं. कार्यालयीन खर्च ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथं ६० हजार. त्यात तुमच्या गाडीचं पेट्रोल आणि फोटोग्राफर आला, एवढ्यातच भागवा.

वर्षात पैसे खर्च झाले नाहीत तर दोन वाटा आहेत. अनेक वर्षं चालणारा प्रकल्प मंडळानं मंजूर केलेला असेल तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत खर्चायची. तसा प्रकल्प नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत कायद्याच्या अनुसूची सातमधल्या (सीएसआरमध्ये काय बसतं त्याची यादी) सरकारी निधीत भरायची. हे चुकलं तर कंपनीला राहिलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांतलं जे कमी तेवढा दंड. संबंधित अधिकाऱ्यालाही वेगळा दंड आहे. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडं अचानक वॉटर कूलर आणि स्कूल बॅग वाटल्या जातात. तुमच्या कंपनीत ही वेळ येऊ देऊ नका. एप्रिलमध्ये प्रकल्प ठरवा, पावसाळ्यात कागद करा, दिवाळीनंतर काम.

संस्थेमार्फत काम करायचं असेल तर तिचा सीएसआर-१ चा (सीएसआरचं काम घेण्यासाठी संस्थेनं भरायचा सरकारी फॉर्म) नोंदणी क्रमांक आधी मागा, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ची पत्रं मागा, मग चहा प्या. ओळखीच्या कुणाच्या मेहुण्याची संस्था असेल तर दुप्पट तपासा. सगळे कागद ठीक असले तरी संस्थेचं काम जिथं चालू आहे तिथं न सांगता एकदा जाऊन या.

काय निवडावं? कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो. अनुसूची सातमध्ये शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, ग्रामविकास, खेळाचं प्रशिक्षण, आपत्ती निवारण असं बरंच काही बसतं. मी एकच कसोटी सांगेन : तुम्ही लक्ष देणं थांबवल्यावर ते चालू राहील का? शुद्ध पाण्याचं यंत्र हा सगळ्यांचा आवडता प्रकल्प. उद्घाटनाला नारळ फुटतो, पाच रुपयांत वीस लिटर अशी पाटी लागते. काही महिन्यांनी आतली जाळी बदलायला येते, वीजबिल थकतं आणि शटरला कुलूप लागतं. त्या कुलपावरच्या पत्र्यावर तुमच्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, हे विसरू नका. सीएसआरमधून उभी केलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. म्हणून यंत्र बसवायच्या आधीच ग्रामपंचायतीचा ठराव घ्या : मालकी कुणाची, वीजबिल कोण भरणार, दुरुस्तीचा निधी कुठल्या खात्यात, चावी कुणाकडं. हे ठरत नसेल तर ते यंत्र बसवू नका, दुसरं काही बघा.

खेळाबद्दल कोल्हापुरात विचारणा होणारच. पॅरिसला २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक आणल्यापासून तर जास्तच. रेंजची सोय, तालमीतल्या पोरांचा खुराक, प्रशिक्षकाचं मानधन, हे प्रशिक्षण म्हणून नीट मांडलं तर बसतं. एका दिवसाची फुटबॉल स्पर्धा, मैदानाभोवती कंपनीचे फलक, हे जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व. ते बसत नाही. कितीही चांगली मॅच झाली तरी.

आणि वर्गणी. ऑगस्ट उजाडला की पावती पुस्तकं घेऊन मंडळं गेटवर येतात, तिथून दहीहंडी, गणपती, नवरात्र. ही वर्गणी सीएसआर नाही, आणि तशी दाखवली तर ऑडिटर पकडतो. पण देऊच नका असंही मी म्हणणार नाही, गावात राहायचंय. वर्षाच्या सुरुवातीला साहेबांकडून एक रक्कम वेगळ्या खात्यावर मंजूर करून घ्या. लगतच्या गावांतल्या मंडळांना सारखीच द्या, सगळ्यांना माहीत होईल अशी द्या, आणि पावती घ्या. एका मंडळाला पाच हजार आणि शेजारच्याला अकरा दिलेत तर ती बातमी संध्याकाळपर्यंत तुमच्या गेटवर परत येते.

पुराचं वेगळं

२००५, २०१९, २०२१. या तीन सालांनंतर कोल्हापुरातल्या कुठल्याही कंपनीला पूर "अचानक आला" म्हणायची सोय राहिलेली नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमच्या कामगारांपैकी कोण चिखली-आंबेवाडीत राहतं, कोण शिरोळ तालुक्यात, याची यादी जूनमध्येच तयार ठेवा. पाणी ३९ ला गेलं की त्यांना सुट्टी आणि आगाऊ पगार, ही सूचना आधीच मंजूर करून घ्या. त्या रात्री मंजुरी मागत बसू नका. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच दिवसेंदिवस बंद होता, फोन लागत होते पण माणूस कुठंच पोचत नव्हता.

मदतीचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात कपडे आणि बिस्किटं सगळीकडून येतात, त्यांचे ढीग पडतात. कमी पडतो तो जनावरांचा चारा. आणि पाणी ओसरल्यावर लागतात चिखल काढायचे पंप, फवारणी, ब्लीचिंग पावडर, इलेक्ट्रिशियन, शाळेची भिजलेली दप्तरं बदलून द्यायला कुणीतरी. तुमच्या मेंटेनन्सची चार माणसं आणि दोन पंप त्या वेळी लाखभर रुपयांपेक्षा जास्त उपयोगाचे. काय कुठं कमी आहे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला विचारूनच गाडी काढा.

कागद बरोबर असूनही

नव्या माणसाचा, विशेषतः शिकून आलेल्याचा, एक समज असतो : परवानगी आहे, करार आहे, मग लोक काय करणार? कोल्हापूरनं याचं उत्तर दोनदा दिलंय.

शहरातले रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन टोल वसूल करायचं ठरलं. करार रीतसर होता. लोकांनी रस्त्याच्या दर्जापासून ते शहरात फिरायला पैसे का द्यायचे इथपर्यंत सगळं काढलं. सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली, एन. डी. पाटलांसारखी वयोवृद्ध माणसं मोर्चाच्या पुढं होती. वर्षानुवर्षं ते चाललं आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. तिथं कुणाची बाजू कायद्यात किती बसत होती हा वेगळा वाद आहे. माझं वाचन एवढंच, की करारावर सही होण्याआधी कोल्हापूरकरांना कुणी नीट विचारलं नव्हतं.

दुसरं ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरच्या वनताराला, म्हणजे अंबानींच्या रिलायन्स समूहाच्या प्राणी केंद्राला, नेली. आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला होता. पण चिडलेल्या लोकांनी काय केलं? त्याच उद्योगसमूहाची मोबाईल कार्डं बदलायला सुरुवात केली. हत्तीचा आणि सिमकार्डाचा काय संबंध, असं मुंबईत बसून वाटेल. इथं सगळ्यांना तो लगेच कळला. नंतर वनताराची माणसं कोल्हापुरात आली, भावना दुखावल्याबद्दल माफीची भाषा झाली, नांदणी परिसरातच हत्तींसाठी केंद्र उभारण्याची तयारी दाखवली गेली. बोलणी करायला इतकी मोठी माणसं येऊ शकत होती, तर ती आधी का आली नाहीत, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला.

तुमची कंपनी लहान आहे, तुमच्याविरुद्ध असा मोर्चा निघणार नाही. पण नवी फर्नेस बसवताना, रस्त्यावरून डंपर वाढणार असताना, बोअर मारताना गावाला आधी सांगा. परवानगी मागायला नाही, कानावर घालायला. "आम्हाला पेपरात वाचून कळलं" हे वाक्य गावाकडून ऐकायची पाळी येऊ देऊ नका.

शेवटचं : गिऱ्हाइकाची प्रश्नावली

हे काम नवं आहे आणि ते वाढत जाणार. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय : पर्यावरण, कामगार, समाज, सगळ्याचे आकडे. त्यांतल्या मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांनाही तेच विचारतात. म्हणजे तुम्ही ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या कंपनीला कास्टिंग (ओतीव भाग) देत असाल, तर एक दिवस चाळीसभर प्रश्नांची एक्सेल फाईल येते आणि आठ दिवसांत भरून मागतात.

घाबरू नका, निम्मी उत्तरं तुमच्याच कपाटात आहेत. वीज महावितरणच्या बिलावर, पाणी एमआयडीसीच्या बिलावर, डिझेल स्टोअरच्या रजिस्टरला, अपघात अपघात नोंदवहीत, ठेका कामगारांचा आकडा पीएफच्या चलनांवर, कचरा त्या ३० जूनच्या विवरणात. वितळवलेल्या धातूचा टनातला आकडा प्रॉडक्शनकडून घ्या आणि विजेचे युनिट त्यानं भागा. प्रति टन युनिट हा एक आकडा दर महिन्याला काढायची सवय लावलीत तर साहेबांनाही तो बघावासा वाटेल, कारण त्यात थेट पैसे आहेत. समाजाकडून किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, असाही एक प्रश्न त्यात असतो. गेटवरची वही इथं कामाला येते.

तिथं बरेच जण "शून्य" लिहितात. फाउंड्रीला शेजारून वर्षभरात एकही तक्रार नाही, हे गिऱ्हाइकाच्या ऑडिटरला पटत नाही. तो विचारतो, नोंद कुठं ठेवता? एकवीस आल्या, अठरा मिटल्या, तीन बाकी, त्यांतली एक डस्ट कलेक्टरसाठी नवीन पिशव्यांची ऑर्डर दिलीय म्हणून, असं लिहिलं आणि वही समोर ठेवली तर तो पान उलटून पुढच्या प्रश्नाकडं जातो. आणि जो आकडा तुम्ही मोजतच नाही, तिथं अंदाज ठोकू नका. "सध्या मोजत नाही, अमुक महिन्यापासून सुरू करतो" असं लिहा, आणि त्या महिन्यात खरंच सुरू करा, कारण तीच फाईल पुढच्या वर्षी परत येते.